साडूभाऊंचा वन्स मोअर

४ मे
मुंबईला जायचं ठरलं. लेकीच्या, सृष्टीच्या सुट्टीत चार दिवस, साडूच्या घरी. साडू म्हणजे सोमेशराव, आमच्या हिच्या, शिवलीलाच्या, थोरल्या बहिणीचे मिस्टर. शिवलीलानं बॅग भरताना 'भाऊजी' हा शब्द अकरा वेळा उच्चारला. मी मोजत नव्हतो.
भाऊजींनी सगळ्यांची म्युझिकलची तिकिटं काढलीत म्हणे. म्युझिकल म्हणजे संगीत नाटकच की. त्यात एवढं काय?
संकल्प : सोमेशरावांवर अजिबात जळायचं नाही.

५ मे, दुकानात
गिऱ्हाईक नाही. चादरी विकणाऱ्या माणसाला कलेतलं कोणी काही विचारत नाही. पण संगीत नाटक माझ्या रक्तात आहे. इथं सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात आमच्या आप्पांनी एकाच पदाला चार वेळा वन्स मोअर दिला होता. गाणारा शेवटी खोकायला लागला. लोक अजून आठवण काढतात.
संकल्प : योग्य जागा बघून आप्पांसारखा खणखणीत वन्स मोअर द्यायचा. सोमेशराव गाडी रिव्हर्स घेताना शिवलीला त्यांच्याकडे जशी बघते, तसं एकदा तरी तिनं माझ्याकडे बघावं. बास, एवढंच पाहिजे.

७ मे, मुंबई
सोमेशराव स्टेशनवर आले होते. पोट नाही. ह्या वयात पोट नसणं बरं नव्हे, आतून काहीतरी दुखणं असणार. शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली तर उभ्यानंच भाकरी मोडली आणि म्हणाले, साडूभाऊ, लई भारी. चटणी कुटली माझ्या आईनं, उचलून आणली मी. आणि शिवलीला काय म्हणते? भाऊजींना चव कळते बघा.
मी जळत नाही. जळण्यासारखं आहे काय त्यांच्याकडे? केस आहेत, इतकंच.

८ मे, दुपारी ३
सहाचा शो. बाथरूममध्ये नळ सोडून प्रॅक्टिस केली. सृष्टी दार वाजवून विचारत होती, पप्पा, पडलात का? आवाज उत्तम लागलाय.
सोमेशरावांचा लिननचा शर्ट चुरगळलेला. शिवलीला म्हणाली, लिनन असंच असतं, शोभतं भाऊजींना. माझा चुरगळला की काढा म्हणते.

९ मे, सकाळी
काल रात्री लिहायचं राहिलं. लिहिण्यासारखं फारसं नव्हतंच.
गाणी हिंदी, मधेमधे इंग्रजी. आपल्याकडे पद संपलं की गाणारा जरा थांबतो, जागा देतो. हितं थांबतच नाहीत. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू. नाच, धूर. मी तीन वेळा तोंड उघडून मिटलं. शेवटी हिरोला गोळी लागली. तो गात गात पडला आणि मेला. हॉल एकदम शांत. म्हटलं, हीच ती जागा. दिला! वन्स मोअर!
मेलेला हिरो हलला. लोक हसले. शिवलीला म्हणाली, सुम्मनिर्री, म्हणजे गप्प बसा. ती कानडीवर आली की प्रकरण गंभीर असतं. तेवढ्यात टॉर्च घेऊन एक बाई आली, कोण ओरडलं विचारायला. डोळ्यावर टॉर्च आला की माणसाचं बोट आपोआप कुठंतरी जातं. माझं सोमेशरावांकडे गेलं. त्यांनी मुकाट्यानं तिला सॉरी म्हटलं. हा असला मोठेपणा मला आवडत नाही.
नाटक संपल्यावर हिरोनं माईक घेतला. म्हणाला, माझे आजोबा संगीत नाटकात गायचे. आज मेल्यावर मला पहिल्यांदा वन्स मोअर मिळाला. ज्यांनी दिला त्यांनी वर यावं, पाया पडायचंय. मी उठलो. म्हणजे अर्धा उठलो. टॉर्चवाली बाई सोमेशरावांचा दंड धरून निघालीसुद्धा. ते माझ्याकडे बोट दाखवत होते, तिला वाटलं लाजतायत. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. हिरो त्यांच्या पाया पडला.
टाळ्या मीही वाजवल्या. करतो काय?

१२ मे, सोलापूर
फॅमिली ग्रुपवर फोटो. स्टेजवर सोमेशराव, पायाशी हिरो. खाली त्यांनी लिहिलं, खरा मान आमच्या साडूभाऊंचा. त्यावर सगळे म्हणतात, किती मोठं मन! आप्पांनी गावाकडून, मंद्रूपहून व्हॉईस मेसेज टाकला : शाब्बास सोमेशराव, माझे दिवस आठवले. माझ्या सख्ख्या बापानं!
आता लिहितो : जळतोय. भयंकर जळतोय.
संकल्प : शिवलीलाला खरं सांगायचं. ती सगळ्यांना सांगेल.

१३ मे, सकाळी
चहा पिताना सांगितलं, तो वन्स मोअर माझा होता. ती म्हणाली, ठाऊक हाय की. बारा वर्षं शेजारी घोरताय, तुमचा आवाज ओळखत न्हाय व्हय?
केवढं बरं वाटलं! विचारलं, मग तितंच का बोलली नाहीस? म्हणाली, बोलणार होते. तोंडानं गप्प बसा म्हटलं, पण बघत तुमच्याकडंच होते. म्हटलं, काय दणक्यात ओरडला आमचा माणूस! मग टॉर्च आला आणि तुमचं बोट दिसलं.
कप उचलून आत गेली.
आज संकल्प नाही.