तिच्या बाजूचं बोलणं

ता. ३ डिसेंबर

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. बिघडलाय तो कॉम्प्युटर. मोबाइलवरची अक्षरं मला मुंगीएवढी दिसतात आणि फोनवर तू काय बोलतेस ते या कानांना कळत नाही, म्हणून पेन उचललं.

तुझी आई गेल्यानंतर परवा मी तो पहिल्यांदा लावला. लावल्या लावल्या पडद्यावर चौकोन आला, की नवी सिस्टिम आली आहे, आत्ता बसवू की नंतर? आई रोज 'नंतर' दाबायची. मला वाटलं, तिचं एक राहिलेलं काम मार्गी लावावं. 'आत्ता' दाबलं. मग ते टक्के मोजू लागलं आणि मध्येच अडून बसलं. मला बँकेत जायचं होतं. उभा जन्म लेथ मशीनवर काढलेला माणूस मी. आमच्या कारखान्यात एक नियम पक्का होता, माणूस समोर नसेल तर मशीन चालू ठेवायचं नाही. भिंतीवरचं बटण बंद करून गेलो. परत येऊन लावलं तर पडदा काळा. खाली एक गोल फिरतो, फिरतो आणि थांबतो.

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याने लिहून दाखवलं, फॉरमॅट मारू, आतलं सगळं पुसलं जाईल, मग नवं टाकू. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. त्यात तुझ्या आईचं बोलणं आहे गं. माझे कान गेल्यापासून ती संध्याकाळी तिथे बसून मोठ्या अक्षरांत टाइप करायची, मी मागे उभा राहून वाचायचो आणि तोंडाने उत्तर द्यायचो. वर्षानुवर्षं एकच फाइल. माझी उत्तरं हवेत गेली, तिचं सगळं त्यात आहे. तेच वाचायला तर मी बसलो होतो.

बाकी ठीक. जेवतो, झोपतो. रडू येत नाही. भेटायला येणारे रडतात, मी त्यांना पाणी देतो. काय करावं ते कळव.

तुझा,
बाबा

ता. ९ डिसेंबर

ती. बाबांस,

सा. न. तुमचं ड्रॉइंगसारखं अक्षर पाकिटावर बघून घाबरलेच. आत वाचलं आणि कपाळाला हात लावला. असं यंत्र मध्येच बंद करणारे पुष्कळ असतील, पण नियम पाळायचा म्हणून बंद करणारे तुम्ही एकटेच!

त्या दुरुस्तीवाल्याला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेऊ नका. आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारून लिहिते आहे. यंत्र लावा. गोल फिरू लागला की डब्यावरचं बटण दाबून धरा, पार बंद होईपर्यंत. असं तीनदा करा. मग पुन्हा लावलं की ते स्वतःच कबूल करतं, की माझं काहीतरी बिनसलंय, आणि निळा पडदा दाखवतं. त्यात 'आधीच्या आवृत्तीवर परत जा' असं शोधा आणि निवडा. त्यानंतर आभाळ कोसळलं तरी बटणाला हात लावायचा नाही. जमेलच असं नाही, पण बहुतेक जमतं असं तो म्हणाला.

इथे सगळे म्हणतात, ही फार धीराची. धीर कसला, बाबा? आत काही हलतच नाही. सकाळी डबा भरते, संध्याकाळी रिकामा घासते. आईचा फोटो समोर ठेवून बघितला, तरी तेच.

तुमची,
ठकी

ता. १६ डिसेंबर

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. रोज त्या बटणापाशी जाऊन बसतो आणि उठतो. हात धजावत नाही.

तुला एक सांगितलेलं नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दाखवलं, की त्या गेल्या आहेत, आता मशीन बंद करतो. मी मान हलवली. मनात काय आलं असेल? बरोबर आहे, माणूस नसेल तर मशीन चालू ठेवायचं नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मनात एवढंच आलं. घरी येऊन अंथरूण झटकलं आणि झोपलो.

आता माझ्याच हाताने बंद केलं आणि ते उठलंच नाही तर? त्यापेक्षा आहे तसं काळं राहू दे. काळं आहे तोवर, आत ती आहे, असं म्हणता तरी येतं.

तुझा,
बाबा

ता. २१ डिसेंबर

ती. बाबांस,

सा. न. रागावू नका, पण हे मला पटलेलं नाही. आत आई नाही, बाबा. आईला आपण दोघांनी पोहोचवलं. आत आहे ते तिचं बोलणं, आणि बोलणं वाचलं नाही तर ते कशाला ठेवायचं? ती असती तर म्हणाली असती, एक बटण दाबायला सांगितलं तर हे मुहूर्त बघत बसले.

हे लिहितानाही मला काही वाटत नाहीये, आणि त्याचीच आता भीती वाटते. दोघांतल्या एकाला तरी तिचं वाचून काही होतंय का, ते बघा. नाहीच उठलं तर मी येते आणि दोघं मिळून तुमच्या त्या दुरुस्तीवाल्याला शिव्या घालू.

तुमची,
ठकी

ता. २८ डिसेंबर

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. बंद केलं. तिन्ही वेळा डोळे मिटून. निळा पडदा आला, तू म्हणालीस ते निवडलं आणि खुर्ची टाकून समोर बसलो. जेवणही तिथेच केलं. दुपार कलली तेव्हा तिचा जुना पडदा दिसला, सगळं जागच्या जागी.

फाइल उघडून थेट शेवटाला गेलो. फार काही नाही गं. किल्ल्या कुठे टाकल्यात. निळ्या शर्टाचं बटण तुटलंय, धुवायला टाकू नका. ठकीचा आवाज दमलेला वाटला, पण तुम्ही विचारू नका, तुम्ही विचारलंत की ती लपवते. आणि सगळ्यात खाली, पंखा बंद करा हो, मला गारठा लागतोय.

मी 'हो, करतो' म्हणालो, उठलो आणि बटण दाबलं. या थंडीत पंखा बंदच होता. तो सुरू झाला. टेबलावरची तुझी पत्रं खोलीभर उडाली आणि मी त्या पंख्याखाली उभा राहून रडलो. किती मोठ्याने ते मला कळायला मार्ग नाही, पण वरच्या मजल्यावरच्या बाई धावत खाली आल्या. त्यांनी आधी पंखा बंद केला, मग मला खुर्चीत बसवलं.

सवड काढून ये. आहे ती माया अशीच राहू दे.

तुझा,
बाबा