आईचे रोट

नवागाम, सुरत
६ ऑगस्ट २०२५

चि. गोपाल यास,

आम्ही बरे आहोत. यांच्या कारखान्यात रातपाळी पुन्हा सुरू झाली. तुमच्या भेस्तानच्या इमारतीत पाणी वेळेवर येत असेल. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून लिहून यांच्या हाती देते.

काल तुझा निरोप मिळाला. हर्षदा कामाला लागणार, राहुलला सांभाळायला आईला पाठव.

रविवारी तुझ्याकडे, माझ्याकडे, घरोघरी कानबाई देवी बसली. 'सकाळी आईला न्यायला येतो,' असं तूच म्हणाला होतास. ती आंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून ओट्यावर बसली. कानबाईच्या प्रसादाचे रोट आपापल्या भाऊबंदकीतच खायचे, हे तुला सांगायला नको. माझ्या घरचे रोट माझ्या सासरचे, तिला चालत नाहीत. वेगळा भात टाकते म्हटलं तर म्हणाली, "गोपाल माले लेवाले ई. घरनाच रोट खासू."

दुपार टळली तेव्हा यांनी तुला फोन लावला. "पाहुण्यांत विसरलोच, दाजी. रिक्षात बसवून द्या ना." आवाज मोठा होता, आईनं ऐकलं. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. संध्याकाळी शेजारच्या सरलाबाईनं मोबाईलवर हर्षदानं टाकलेले फोटो दाखवले. "हॉल केवढा मोठा गं! सासूच तेवढी मावली नाही वाटतं." मी हसले. काय करणार?

बाबा तरणेपणी कापडाच्या लूमवर कामासाठी गाव सोडून आले. राहुल शाळेच्या वयाचा झाला आणि तुला ही गल्ली नको झाली. त्यात मी वावगं मानलं नाही. 'घर लावून झालं की आईला नेतो,' म्हणालास. दोन वर्षं ती माझ्याकडे पाहुण्यासारखी राहिली, डबासुद्धा विचारून उघडायची. तुला ती आत्ता आठवली, पोर सांभाळायला.

गोपाल, आई इथे नाही. सोमवारी तिनं पिशवी भरली. यांनी तिला अमळनेरच्या गाडीत बसवलं. गावी मारुतीकाकांकडे आपले रोट उरलेले होते, ते तिनं खाल्ले. काकूचा फोन आला होता. परत येणार नाही म्हणते. म्हातारपणी माणसाला गावच बरं वाटतं, असं तू लोकांना सांगशील. सांग. मी खोटं पाडायला येणार नाही.

राहुलसाठी एखादी बाई बघ. त्याला माझा आशीर्वाद. तुझ्या नावानंही तो लिहायला गेले, पण हात पुढे सरकेना.

उषा