मुग्धाच्या वाडग्यातले वाँटन

८ मार्च, शनिवार
रेवाला ट्यूशनला सोडलं. घरी न येता सरळ स्टेशनजवळच्या नूडल्सवाल्याकडे. वाँटन नूडल्स, एकटाच. नूडल्सचा गिचका, वाँटनच्या पुरचुंड्यांत सारण नावापुरतं. तरी वाडगा चाटूनपुसून संपवला.
घरी येऊन लॉन कापायला घेतलं. अर्धं कापून आत आलो, पुन्हा बाहेर गेलो, पुन्हा आत. एका जागी बूड टिकत नाही हल्ली.
मुग्धाचं सिंगापूरचं काँट्रॅक्ट जूनअखेर संपतं. काल फोनवर म्हणाली, ते एक्स्टेंशनचं विचारतायत, दोन वर्षांचं. पुढे काही नाही. मी म्हणालो, बरं.
बरं काय, कप्पाळ.

१२ मार्च
वर्क फ्रॉम होम. मीटिंगमध्ये पाच मिनिटं तावातावाने बोललो, म्यूटवर.
जेवताना रेवाने फोनमधून मान वर न करता विचारलं, "बाबा, इज आई कमिंग बॅक ऑर नॉट?"
म्हटलं, येणार की. पंधरा वर्षांची आहे, तिला कळतं मला काही माहीत नाहीये. तिच्या शाळेच्या झोनसाठी मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीत घर घेतलं, आता घरात दोन माणसं आणि चार बेडरूम.

१६ मार्च, रवि.
जुने फोटो काढून बसलो. पाहू नयेत.
मेलबर्नला युनिव्हर्सिटीत असताना मुग्धाचा आणि माझा नेमच होता. पुण्याला जाता-येताना स्वस्तातलं तिकीट, मधे एक मुक्काम, आणि त्या गावात कुठल्यातरी साध्या टपरीवर वाँटन नूडल्स. क्वालालंपूरला काळ्या सॉसमधल्या. हाँगकाँगला सूपमधल्या, खाली कोळंबीचे वाँटन, अनोळखी म्हातारा-म्हातारी आमच्याच टेबलाला. बँकॉकला वर साखर घालतात, मु.ला ते फार आवडलं होतं.
सगळीकडे एकच वाटणी. ती तिच्या वाडग्यातले वाँटन आणि चार-सिऊच्या, म्हणजे भाजलेल्या डुकराच्या, लाल चकत्या उचलून माझ्या वाडग्यात टाकणार, मी माझ्यातली पालेभाजी तिला देणार. न बोलता. प्रत्येक फोटोत माझा वाडगा भरलेला.
सिंगापूरचं तिकीट काढलं. २८ची रात्र. रेवा मैत्रिणीकडे राहील.

२९ मार्च, सिंगापूर
गरम. घामाने शर्ट पाठीला.
मु. तिच्या बिल्डिंगखालच्या हॉकर सेंटरला घेऊन गेली. मी जागा धरली, ती रांगेत. गाड्यावरच्या अंकलनी तिला पाहून नुसती मान हलवली, काय हवं ते विचारलंच नाही. हे मला का खुपलं, ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे.
कोरड्या नूडल्स, तिखट, एकेक धागा सुटा. वाँटन वेगळ्या छोट्या वाटीत, सूपमध्ये. इतक्या वर्षांत यापेक्षा चांगल्या खाल्ल्या नसतील.
सवयीने भाजी कडेला काढली. तिला द्यायला वर पाहतो तर तिची सूपची वाटी रिकामी. शेवटचा वाँटन तिच्या गालात होता.
मी भाजी चॉपस्टिकमध्ये धरून बसलेला. ती म्हणाली, तूच खा की, भाजीने काही होत नाही. मग माझं तोंड बघून, "काय झालं?"
"तुझे वाँटन."
तिला आधी कळेना. कळलं तेव्हा हसली, कुत्सित नाही, नेहमीसारखी. "अरे निखिल, मला तेव्हा डुक्कर खाववायचंच नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा नव्हतं. घशाखाली उतरायचं नाही, म्हणून तुला द्यायचे. इथे आल्यावर खायला लागले. तुला काय वाटलं होतं?"
मी उठलो. ट्रे नेऊन ठेवला.
मला वाटलं होतं, माझ्यासाठी.

३० मार्च, पाडवा
उठलो तेव्हा बाल्कनीत गुढी उभी. मॉपचा दांडा, तिची निळी ओढणी, वर पालथा कॉफीचा मग. साखरेच्या गाठी लिटल इंडियातून आधीच आणून ठेवलेल्या. मला उठवलं नाही. म्हणजे मी आलो नसतो तरी उभारलीच असती. तिचं घर आहे हे. नुसती सामान ठेवायची जागा नव्हे, घर.
श्रीखंड खाताना विचारलंच एकदाचं, तुला परत यायचंय का.
तिने वाटीत चमचा फिरवला. "मला इथे बरं वाटतं, निखिल. तुमच्याशिवाय बरं वाटतं, असं नाही म्हणत मी."
"मग काय म्हणतेस?"
"तेच मला कळत नाहीये. चिडू नकोस."
चिडलो नाही. घाबरलो. एअरपोर्टवर तीनदा पासपोर्ट चाचपला, तिन्ही वेळा खिशातच होता.

३ एप्रिल
मी सिंगापूरला जाऊन राहिलो तर? डिपेन्डन्ट व्हिसावर. ती ऑफिसला, मी खाली नूडल्सच्या रांगेत. अंकल मलाही मान हलवायला लागतील एखाद्या दिवशी.
रेवाची पुढच्या वर्षी अकरावी. नाही जमत.
अर्धं लॉन अजून तसंच. शेजारचा म्हणाला, "ऑल गुड, मेट?" नो वरीज म्हटलं.

११ एप्रिल, शुक्र.
रेवा म्हणाली, सारखं काय त्या दुकानात जातोस, घरी करू. एशियन ग्रोसरीतून वाँटनच्या पाऱ्या, खिमा, कोळंबी. तिने व्हिडिओ लावला. मी पाहिला नाही. सरळ करंज्यांसारखे भरले, कडा माझ्या आईच्या कातण्याने कातल्या. छान दिसत होते ताटात. उकळत्या पाण्यात एकूण एक उघडले. वर तरंगत्या पाऱ्या, खाली खिमा.
रेवा हसून हसून ओट्याला टेकली. कित्येक दिवसांनी हसलो दोघं. मग गाळून तेच सूप म्हणून प्यायलो.
भांडी पुसता पुसता म्हणाली, "आय ॲम नॉट मूव्हिंग इन यिअर इलेव्हन." जरा थांबून, "बट यू मिस हर, लाइक, बॅडली. टेल हर दॅट. डोन्ट जस्ट आस्क हर स्टफ."
हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं? विचारत बसलो नुसता.

१९ एप्रिल, ईस्टरचा शनि.
मु. काल आली. उद्या संध्याकाळचं परतीचं विमान. सोमवारी ऑफिसला उत्तर द्यायचंय.
काल दिवसभर सांगायचं म्हणून घोळवत राहिलो. ती अर्धवट लॉन बघून म्हणाली, हे काय. कापायला घेतलं तिनेच.
दुपारी तिघं आमच्या त्या नूडल्सवाल्याकडे. थंडी पडायला लागलीये, काचांवर वाफ. वाडगे यायच्या आधी बोलून टाकलं. रेवासमोरच. म्हटलं, मला तुझ्यावाचून करमत नाही. घरात नुसता फिरत असतो. तू तिथेच राहते म्हणालीस तर ती दोन वर्षंही काढेन, पण करमत नाही, एवढं तुला माहीत असू दे.
रेवा मेनूकडे बघत राहिली, पाठ असलेल्या.
मु.चे डोळे भरून आले होते. तेवढ्यात वाडगे आले. मी नेहमीसारख्या नूडल्स सोडवत बसलो, वर बघायचं धाडस होईना.
तर मधेच तिच्या चॉपस्टिक आल्या. एक वाँटन, तिच्या वाडग्यातला. माझ्यात ठेवला आणि स्वतःचं खायला लागली.
आता तिला आवडतात. तरी दिला.
का दिला, विचारायचं होतं. येतेय म्हणून, की येणार नाही म्हणून? विचारलं नाही. बाकीचं सगळं संपेपर्यंत कडेला ठेवला तो. मग खाल्ला. गार झाला होता.