परत केलेला चहा

मंगळवार, संध्याकाळ

तो चहा काही डोक्यातून जात नाहीये.

कोर्टाचे थकलेले दंड वसूल करायचं काम सध्या आमच्या ठाण्याकडे आहे. आज मखमलाबादच्या पलीकडे एका गावात जीप नेली. दारू पिऊन मोटारसायकल चालवल्याचा दंड, दत्तू काशिनाथच्या नावावर. नाव पुकारल्यावर झेंडू तोडायचं सोडून एक म्हातारा "मीच" म्हणत पुढे आला. त्याच्या बायकोने चहा आणला. वसुलीच्या घरी मी चहा घेत नाही, कप तसाच परत केला. आजूबाजूच्या ओट्यांवर माणसं जमली होती.

वॉरंट ऐकून म्हातारा आत गेला, पैसे घेऊन आला. "घ्या मॅडम, पण जीप लवकर हलवा. परवा पोरीला बघायला पाव्हणे येणार हायेत."

"मामा, मोटारसायकल कुठंय?"

"मला सायकलबी येत नाय. तो दत्तू येगळा, मारुतीमागच्या आळीतला. त्याचा बापबी काशिनाथच."

"मग तुम्ही का भरताय?"

"पोलीस दारात आले, सगळ्यांनी पाह्यलं. आता कोणाकोणाला सांगत बसू?"

पैसे त्यांच्या हातात परत कोंबले, माफी मागितली. पण ती घरात, हळू आवाजात. जीप मात्र सगळ्यांदेखत उभी! वॉरंटावरचं वय आधीच का नाही पाहिलं मी?

उद्या आधी त्या खऱ्या दत्तूला गाठणार, दंड घेतल्याशिवाय सोडत नाही. मग जीप मामांच्या दारात लावणार, वर्दीतच ओट्यावर बसणार आणि स्वतःहून चहा मागणार. सगळ्या गावाने बघेपर्यंत कप खाली ठेवणार नाही.