शेपटीच्या पंख्याची प्रदक्षिणा

काचीगुडा, हैदराबाद
एप्रिलचा तिसरा गुरुवार

चि. उदय यास शिवराजचे आशीर्वाद, त्यातले निम्मे सौ. सायलीला द्यावेत. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, नाकं तेवढी सोडून. (नाकांचं पुढे येईलच.) तुझं पित्त कसं आहे? माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते वाढला आहे, माझ्या मते त्यांचं यंत्र जुनं आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे. बहिणीचा उचलतोस, दाजींचा उचलत नाहीस, हे मी भामाच्या शेजारी बसून दोनदा तपासून पाहिलं आहे.

कारण मला ठाऊक आहे. दिवाळीनंतर तुझ्या पुण्याच्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा तू पन्नास पाहुण्यांना तुझं रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर दाखवत होतास आणि मी शिऱ्याची वाटी हातात घेऊन विचारलं, की खेळणं झकास आहे, याला किल्ली कुठून द्यायची. लोक हसले. (मला वाटलं होतं तेवढे नाही हसले.) मग आमच्या त्रिवेणीच्या साखरपुड्याला तू सायलीला एकटीला पाठवलंस. आता अठरा मेला लग्न आहे. मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं आणि तिला सख्खा मामा तू एकच. भामाचे चुलतभाऊ हिम्मतराव तयार आहेत, पण त्यांना चालता चालता मध्येच थांबून स्वतःच्या गुडघ्याविषयी बोलायची सवय आहे, मुहूर्त टळेल. असो. या पत्राचा विषय तो नाही. या पत्राचा विषय शेपूट आहे.

झालं असं, की मी हेलिकॉप्टर घेतलं. तू दहा वर्षं ज्यात डोकं घालून बसतोस ते आहे तरी काय, हे पाहावं म्हणून. (भामाला सांगितलं की डॉक्टरांनी छंद लावून घ्यायला सांगितलं आहे.) सुट्या भागांचा खोका आला. जेवणाच्या टेबलावर अठरा दिवस जोडणी चालली आणि आम्ही तिघं जमिनीवर जेवलो. मोठा पंखा फिरला की हेलिकॉप्टरचं अंग उलट्या बाजूला फिरू पाहतं आणि त्याला धरून ठेवायला शेपटीवर छोटा पंखा असतो. (हे मी तुला सांगतो आहे, यावरून माझी प्रगती लक्षात घे.) शेपटीच्या नळीतून एक रबरी पट्टा जातो, त्याला पाव पीळ देऊन मागच्या कप्पीवर चढवायचं. पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे मी चढवला, हाताने फिरवून पाहिला, तर शेपटीचा पंखा उलटा फिरायला लागला. उलटा म्हणजे अप्रदक्षिणा. भामा पोळ्या लाटता लाटता उठून आली, तिनेही पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. लग्नाच्या घरात नवीन यंत्र यावं आणि ते देवाला घालायच्या फेरीच्या उलटं फिरावं, हे दोघांनाही बरं वाटेना. पुस्तिका छापणारे परदेशातले, त्यांच्याकडे कोण प्रदक्षिणा घालतं? मी पट्टा काढला, पीळ दुसऱ्या बाजूने दिला. पंखा सुलटा फिरू लागला आणि भामाने हात जोडले.

सोमवारी सकाळी हेलिकॉप्टर गच्चीवर नेलं. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, याला चाकं नाहीत, म्हणून दोन्ही पायांखाली एकेक ठेवलं. वजन इतकं कमी, की लिंबं चिरडेनात. शेवटी भामाने ती टाचेने चिरडली. मी रिमोटची कळ हलकेच वर केली. हेलिकॉप्टर वीतभर उचललं गेलं आणि स्वतःभोवती गरगरायला लागलं. शेपूट भरकटलं की सावरायला त्यात जायरो नावाची काडेपेटीएवढी डबी असते. ती बिचारी सावरत होती, पण ती जितकं सावरी तितकं ते जोरात फिरे. (भामा म्हणाली, आपल्या घरात असा एक माणूस आहे. कोण, ते मी विचारलं नाही.) मी घाबरून कळ खाली ओढायची ती वर ढकलली आणि हेलिकॉप्टर कठडा ओलांडून शेजारच्या पद्मावतम्मांच्या गच्चीवर गेलं.

पद्मावतम्मांनी आवकाय म्हणजे कैरीच्या लोणच्यासाठी दळून आणलेलं गरम तिखट, नेमकं त्याच सकाळी, चादरीवर निवायला पसरलं होतं. चार किलो. हेलिकॉप्टर त्याच्यावर कमरेएवढ्या उंचीवर राहून फिरलं. पुढचं तूच ताड. गल्लीवर लाल ढग उतरला. वेळ सकाळी नऊची, जो तो कामाला निघालेला. आणि निघताना शिंक आली की आपल्याकडे माणूस बाहेर पडत नाही, घोटभर पाणी पिऊन बसतो. सगळी गल्ली पायऱ्यांवर बसली. उठायला गेले की परत शिंकत आणि परत बसत. अकरापर्यंत गल्लीतून एक माणूस बाहेर पडला नाही. एक गृहस्थ गाडी पकडायला स्टेशनवर निघाले होते, ते बॅगेवर बसून पाच तांबे पाणी प्यायले. हेलिकॉप्टर अखेर दोरीवरच्या साडीत गुरफटून थांबलं. पद्मावतम्मा डोळ्यांना पदर लावून एवढंच म्हणाल्या, "क्या जी भाईसाब, पंखा घर में लगाना नक्को था क्या?" मी बेगम बाजारातून तिखट आणून दिलं. ते त्यांना पसंत नाही.

सांगायचं ते हे, की पंखा प्रदक्षिणेने फिरतो, पीळ व्यवस्थित आहे, तरी शेपूट ठरत नाही. हे काम जाणकाराचंच आहे. तू स्वतः येऊन पाहून द्यावंस. चांगले चार-पाच दिवस लागतील असा अंदाज आहे. मला सोयीचा आठवडा मेच्या मध्यावरचा. त्याच आठवड्यात घरात लग्नही आहे, पण त्याची तुला अडचण होणार नाही.

तुझा दाजी,
शिवराज

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी अंबरपेठेत दत्तोबाकडे जाऊन आलो. तो पूर्वी रेडिओ दुरुस्त करी, आता असली यंत्रं करतो. त्याने पट्टा पाहिला आणि म्हणाला, "दाजी, पीळ उल्टा मारलात की तुम्ही. कशाला?" मी प्रदक्षिणेचं सांगितलं. त्याने पट्टा पुस्तिकेप्रमाणे घातला, पंखा फिरवला आणि मला खांद्याला धरून टेबलाच्या पलीकडे उभं केलं. "आता देखा." तिकडून पंखा सुलटाच फिरत होता. दहा मिनिटांत काम झालं. घरी येऊन उडवलं, सव्वा मिनिट एका जागी थांबलं. तेव्हा शेपटीसाठी येण्याचं कारण उरलेलं नाही.

ता. क. दुसरा. भामाने पत्र वाचलं. म्हणते, एवढे कागद लिहिलेत, त्यात मुद्द्याचं एक वाक्य नाही.

ता. क. तिसरा. सोमवारी ते यंत्र गरगरत माझ्याकडे वळलं तेव्हा मी चपला तिथेच टाकून पाण्याच्या टाकीमागे पळालो, आणि भामाने चार हाका मारेपर्यंत बाहेर आलो नाही. खेळण्याला भिऊन साठीचा माणूस असा पळत नाही. मी चुकलो, उदय. पोरगी रोज विचारते, मामा येणार का म्हणून. ये.