मैदानातले दगड कुणी वेचले

नळदुर्ग, ६ जानेवारी १९६१
आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास आज कमिटीपुढं वाचला. सव्वीस तारखेला छापील पुस्तिका निघायची आहे, आणि मी चिटणीस, म्हणून लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात. आठ पानं लिहिली होती. दुसऱ्याच पानावर अध्यक्ष अण्णासाहेबांनी थांबवलं. म्हणे निजामी अमदानीतलं कशाला उगाळायचं, विलीनीकरणापासून सुरू करा.
म्हणजे क्लब काढला कुणी, तेच गाळायचं. अ.सां.नी जन्मात एकदा चेंडूला पाय लावला, उद्घाटनाला. चेंडू जागेवर राहिला, चप्पल पुढं गेली. आणि हे मला क्लबचा इतिहास शिकवणार.

८ जाने.
क्लब रसूल मास्तरांनी काढला. उर्दू शाळेतले कवायतीचे मास्तर. किल्ल्याशेजारचा माळ, दगडच दगड. मास्तरांचा नियम असा की उशिरा येईल त्यानं खेळाआधी वीस दगड वेचायचे. मी रोज उशिरा. आम्हा उशिरा येणाऱ्यांच्या जिवावर दोन वर्षांत मैदान झालं. दगडांचा ढीग अजून गोलामागं पडलाय, कुणीही जाऊन बघावं.
कमिटीनं सुधारून दिलेल्या मसुद्यात काय, तर ‘अध्यक्षांच्या प्रेरणेने श्रमदानातून मैदान सिद्ध झाले’. डोकं फिरलं. जेवण गेलं नाही. ही म्हणाली, कुणाशी भांडून आलात? भांडलो कुठं, तीच तर बोंब आहे.

१३ जाने.
आज भांडलो. मास्तरांचं नाव नसेल तर माझंही घालू नका म्हणालो. अ.सा. शांत. पान लावत म्हणाले, “आमचा कुणाला इरोध न्हाय. तुमी चिटणीस पहिल्यापासून. जुनं रजिस्टर असंल की. दाखवा, लगेच नाव घालू.”
सगळे माझ्याकडं बघतायत.
रजिस्टर नाही. मी जाळलं. पोलीस ॲक्शन झाली त्या भाद्रपदात, चुलीत, एकेक पान फाडून. कवायतीचा मास्तर, उर्दूतली नावांची यादी, आणि अक्षर माझं. फौजेची झडती गावोगाव चालली होती. ही यादी रझाकारांची नाही, फुटबॉलची, असं कुणाला पटवणार? मला स्वतःची भीती वाटली. दुसरं कुणी डोक्यात नव्हतं. आज बारा वर्षांनी लिहितोय, तेही इथंच.

१७ जाने.
मास्तरांकडं गेलो. शाळा बंद झाल्यापासून बसथांब्यामागं सायकली दुरुस्त करतात. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पुस्तिकेचं सांगितलं. हसले. म्हणाले, माझं नाव कशाला, चेंडू चालू आहे ना, बस. त्या हसण्याचाही राग आला. माणसानं आपल्यावरचा अन्याय इतका सोपा करून देऊ नये.
मग रजिस्टर जाळल्याचं म्हणालो. एवढंच वाक्य झालं, तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.
“मालूम हाय मला. लई अक्कल केलीस गोविंद. ती यादी सापडली असती तर आमची पोरं कुठं असती? घरात अजून तुझं नाव काढतो आम्ही.”
पुढचं बोललो नाही. चहा आला, तो प्यालो. परत येताना स्वतःचीच इतकी चीड आली की

२१ जाने.
पुन्हा अ.सां.च्या दारात. मैदानावर चला, ढीग दाखवतो, म्हणालो. म्हणे दगडावर नाव लिहिलेलं असतं का. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. सव्वीसला इतिहास मीच वाचायचा. रजिस्टर होतं आणि ते कसं गेलं, हे मी चारचौघांत उभं राहून सांगितलं तर मास्तरांचं नाव पुस्तिकेत चिकटवून देणार. न सांगितलं तर छापलंय तेच वाचायचं. या माणसाला माझी दुखती जागा कशी कळली? की सगळ्या गावाला माहीत आहे?

२५ जाने.
पुस्तिका सोलापूरहून आल्या. संस्थापक म्हणून अ.सां.चा फोटो, फेटा बांधून. खाली ‘लेखक’ म्हणून माझं नाव. काढा म्हणालो होतो, तरी घातलं.
उद्या झेंडावंदन झालं की वाचन. तिथं नुसतं ‘जाळलं’ म्हणून भागणार नाही. का जाळलं, हे कुणीतरी विचारणारच, आणि मास्तरांच्या तोंडावर मला पुन्हा खोटं बोलवणार नाही. खरं सांगितलं तर त्यांच्या घरात माझं नाव कोण काढील? पण हा फोटो उद्या लोक खरा धरून घरी नेणार, तेही बघवत नाही.
संध्याकाळी मास्तरांनी नातीबरोबर निरोप पाठवला. पहिल्या रांगेत बसतो, हल्ली कमी ऐकू येतं, मोठ्यानं वाच.