बागेतल्या बाकड्याची उंची

आबा, तुमचं आपलं एकच, बाकड्यांची रांग मोडायची नाही. मग त्यावरनं आईनं उठायचं कसं, ते कोण सांगणार? बागेतली ती सगळी बाकडी तुम्ही आईच्या गुडघ्याचं माप घेऊन सिमेंटात ओतलीत. पेठेतल्या बायकांचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून ठेंगणी. तेव्हा तिचे गुडघे धड होते, तरी संध्याकाळी तुम्ही "चला मालकीणबाई" म्हणत तिला हाताला धरून उठवायचात आणि ती तुमच्या हातावर चापट मारायची. आता तिला खरंच कुणीतरी उठवावं लागतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी इथं मस्कतला बांधकामावर, शटरिंगच्या फळ्या ठोकायला. उन्हाळ्यापासून तिनं बागेत जाणंच सोडलंय.

आता तालमीच्या पोरांनी तुमच्या रांगेच्या शेवटी एक नवं बाकडं बसवायचं काढलंय. गवंड्याचा पोरगा म्हणून निवड माझ्यावर टाकली. मी फोटो मागवले. लोखंडी, फायबरचं, सिमेंटवर झाडाची साल रंगवलेलं. एक लोखंडी मला आवडलं, उंच, धरून उठायला दोन्हीकडं दांडे. तालमीचं सगळं बघणारे मामा फोनवर म्हणाले, "तुझ्या बाच्या रांगंत हे सलूनातलं बाकडं ठिवतोस व्हय रं? पेठ मला जगू दील का?" आई तर त्यांच्याही वरताण. "म्हातारीसाठी खुर्ची आणली म्हणतील. जुन्यासारखंच पायजे. न्हायतर मी न्हाय बसायची." मी रागानं चार दिवस फोन केला नाही.

मग कामावर एकदा लेव्हलची दोरी ताणताना तुम्ही आठवलात. तुम्ही दोरी कायम बाकड्याच्या पाठीवरनं धरायचात. जमीन कशी का असंना, माणसाची नजर वरनं फिरती, म्हणायचात. आणि रांगेच्या शेवटी, नळापाशी, जमीन खाली गेलीय की. तिथं पाठ दोरीला लावायची तर पाय लांबवायलाच लागणार, म्हणजे बैठक जमिनीपासून आपोआप चार बोटं वर येणार. साचा तुमचाच, माळ्यावर पडलाय. खडी तीच लाल-पांढरी. फक्त एका अंगाला त्याच सिमेंटचा दांडा ओतायचा, तेवढं तुम्ही चालवून घ्या.

मामांनी दोरी धरून व्हिडिओ पाठवला. मी आईला समजावून सांगितलं. "ह्यांनी केल्यागत दिसंल का?" म्हणाली. दिसेल म्हटलं. "मग बसंन की," म्हणाली, आणि लगेच, "तू कवा येतोस बसायला?"

दिवाळीला, असं सांगून टाकलं. तिला खरं सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. हे पत्र कुठल्या पोस्टात टाकता येणार नाही, माझ्या पेटीतच राहील. दिवाळीच्या तिकिटाला म्हणून पैसे बाजूला ठेवलेले होते, तेच आज मामांना बाकड्यासाठी पाठवतोय, साडेबारा हजार.